मसी आणि शिल्प : एकाच घरची दोन भावंडे

दीपावलीच्या सायंकाळी पेढीवर चोपडापूजन होते. नव्या वहीवर कुंकवाचे स्वस्तिक उमटते, पहिल्या पानावर 'श्री'ची शिखराकार मांडणी होते आणि श्वेतांबर परंपरेतील अनेक घरांत त्यासोबत काही मागण्याही लिहिल्या जातात. गौतमस्वामींची लब्धी, धन्ना-शालिभद्रांची संपत्ती, कयवन्ना शेठांचे सौभाग्य, अभयकुमारांची बुद्धी. याच यादीत बाहुबलींचे बळही असते. आजोबांनी लिहिले, वडिलांनी लिहिले, म्हणून नातूही लिहितो. हिशेबाच्या वहीत बाहूंच्या बळाचे काय काम, हा प्रश्न मात्र सहसा विचारला जात नाही.

व्यापाऱ्याच्या घराला या प्रश्नाचे उत्तर शोधायला दूर जावे लागू नये. गोदामातले प्रत्येक पोते कोणीतरी पाठीवरून आणलेले असते. काउंटरवरचा प्रत्येक दागिना कोणाच्या तरी भट्टीपुढे घडलेला असतो. वहीतील जमा-नावेच्या दोन रकान्यांमागे हातांचे एक मोठे जग उभे असते आणि त्या जगाचे बळ आटले, तर अभयकुमारांची बुद्धीसुद्धा दुकान चालवू शकणार नाही. जुन्या पिढीला हे सांगावे लागत नव्हते, कारण तिचे बालपण गोदामातच गेले होते. शाळा सुटली की मुलगा पोती मोजायचा, तराजूचा काटा पाहायचा, मापाड्याकडून आणि हमालाकडून मालाची पारख शिकायचा. आजचा मुलगा सनदी लेखापाल होतो, व्यवस्थापनाची पदवी घेतो, संगणकाच्या पडद्यावर साठा पाहतो. ही प्रगती आनंदाचीच आहे. पण साठा दिसतो आणि साठा वाहणारा दिसत नाही, असे झाले की दोघांच्या मनांत हळूहळू अंतर पडू लागते.

हे अंतर विवाहाच्या परिचयपत्रात सर्वांत स्पष्ट दिसते. मुलगा मोठ्या शहरात कार्यालयात नोकरीस आहे, एवढ्यावर बोलणे पुढे सरकते. वडिलांचा कारखाना सांभाळणारा, वेळ पडल्यास लेथवर स्वतः उभा राहणारा, दहा माणसांच्या हातांना काम देणारा मुलगा मात्र 'वर्कशॉपमध्ये असतो' या दोन शब्दांत बाजूला पडतो. हाताला तेल लागणे हे उणेपणाचे लक्षण कधी ठरले आणि ते कोणी ठरवले, हे एकदा तपासून पाहिले पाहिजे.

एकाच गुरूची शाळा

धर्मपरंपरेने तरी ते ठरवलेले नाही. कल्पवृक्षांचा काळ सरला आणि मनुष्याला स्वतःच्या श्रमावर जगणे भाग पडले, तेव्हा प्रथम तीर्थंकर भगवान ऋषभदेवांनी प्रजेला उपजीविकेची सहा कर्मे शिकवली, असे आचार्य जिनसेनांच्या आदिपुराणात सांगितले आहे. असि, मसि, कृषि, विद्या, वाणिज्य आणि शिल्प ही ती सहा कर्मे. मसि म्हणजे शाई, अर्थात लेखनाचे काम. आजच्या भाषेत कचेरीचे काम. शिल्प म्हणजे हातांनी वस्तू घडविण्याचे काम. दोन्हींचा गुरू एकच आहे आणि दोन्हींच्या मधोमध कृषी, विद्या व वाणिज्य आहेत. कल्पसूत्रातही लेखनापासून सुरू होणाऱ्या बहात्तर कला, स्त्रियांच्या चौसष्ट कला आणि शंभर शिल्पे यांचा उल्लेख एकत्रच येतो. लोकांच्या हितासाठी भगवंतांनी हे सारे शिकवले, अशी ती नोंद आहे.

ब्राह्मीला लिपी आणि सुंदरीला अंक शिकवणाऱ्या पित्याची कथा पाठशाळेत मुलांना आवर्जून सांगितली जाते. त्याच पित्याची दुसरी कथा हेमचंद्राचार्यांच्या त्रिषष्टिशलाकापुरुषचरित्रात आहे. अन्न शिजवायला भांडे नाही म्हणून लोक अडचणीत आले, तेव्हा हत्तीवर बसलेल्या ऋषभदेवांनी ओल्या मातीचा गोळा हत्तीच्या गंडस्थळावर ठेवला, तो थापून पहिले भांडे घडवले आणि लोकांना ती रीत दाखवून दिली. मनुष्याचे पहिले शिल्प कुंभाराचे ठरले. पहिली कथा सांगून दुसरी गाळली, तर मुलाच्या मनात गुरूचा अर्धाच हात राहतो. लिपी गिरवून घेणारा आणि माती थापणारा हात एकाच पुरुषाचा होता, हे त्याला दोन्ही कथा ऐकल्यावरच कळते.

सद्दालपुत्ताची मडकी

उपासकदशांग या सातव्या अंगसूत्रात भगवान महावीरांच्या दहा प्रमुख श्रावकांची चरित्रे आहेत. पहिला श्रावक आनंद हा धनाढ्य गृहपती. सातवा सद्दालपुत्त हा पोलासपूरचा कुंभार. नगराबाहेर त्याच्या पाचशे कुंभारशाळा होत्या. एक कोटी सुवर्ण ठेव म्हणून, एक कोटी व्याजावर आणि एक कोटी घरसंसारात, अशी त्याच्या धनाची वाटणी सूत्रात दिली आहे. त्या कुंभारशाळांत अन्न आणि वेतन घेणारी माणसे रोज घडे-मडकी घडवीत आणि तसेच अन्न-वेतन घेणारी दुसरी माणसे राजमार्गावर ती विकीत. घडवणाऱ्यांचा आणि विकणाऱ्यांचा उल्लेख सूत्रकारांनी एकापाठोपाठ, एकाच शब्दांत केला आहे.

सद्दालपुत्त आधी गोशालकाच्या आजीवक मताचा होता. जे घडते ते नियतीने ठरलेलेच असते, प्रयत्नाला अर्थ नाही, अशी त्याची श्रद्धा होती. एके दिवशी तो वाऱ्यावर सुकलेली मडकी बाहेर उन्हात मांडत असताना महावीरांनी त्याला विचारले, ही मडकी कशी होतात? त्याने आपली रीत सांगितली. आधी माती असते, ती पाण्यात भिजवतात, राख आणि शेण मिसळून मळतात, मग चाकावर चढवतात, तेव्हा भांडी होतात. पुढचा प्रश्न आला, हे पुरुषार्थाने होते की पुरुषार्थावाचून? सद्दालपुत्त आपल्या मताला धरून म्हणाला, पुरुषार्थावाचून. सारे नियत आहे. तेव्हा महावीरांनी विचारले, ही मडकी कोणी चोरली किंवा फोडली, तर काय करशील? त्याला शिक्षा करीन, असे उत्तर आले. सारे नियतच असेल, तर शिक्षा कोणाला आणि कशाबद्दल? या प्रश्नापाशी सद्दालपुत्ताची दृष्टी बदलली आणि तो श्रावक झाला.

मनुष्याचा पुरुषार्थ खरा आहे, हे पटवून देण्यासाठी येथे राजाचे युद्ध किंवा पंडिताचा ग्रंथ पुढे आलेला नाही. कुंभाराचे चिखलाने भरलेले हात पुढे आले आहेत. आणि उपदेशाआधी कामाची रीत विचारून ती ऐकून घेतली आहे. कष्टकऱ्याविषयीचा आदर नेमका येथून सुरू होतो. 'काम झाले का' असे विचारण्याऐवजी 'काम कसे होते' असे विचारले की समोरच्याला आपली विद्या कोणीतरी ओळखल्याचे समाधान मिळते.

यावर एक रास्त शंका घेतली जाते. श्रावकाच्या सातव्या व्रतात पंधरा कर्मादाने वर्ज्य आहेत, त्यांत अंगारकर्म, वनकर्म, स्फोटककर्म अशी हातांची कामे आहेत. मग शरीरश्रमाचे व्यवसाय कमी दर्जाचेच नव्हेत काय? यादी शेवटपर्यंत वाचली की शंका फिटते. त्याच पंधरांत दंत, लाक्षा, रस, केश आणि विष यांचे वाणिज्यही वर्ज्य सांगितले आहे. गादीवर बसून केलेला व्यापारसुद्धा त्यातून सुटलेला नाही. तेथे लावलेली कसोटी जीवहिंसेची आहे. घाम येतो की येत नाही, याचा त्या कसोटीशी संबंध नाही.

चांदीची घट

आदराचा प्रश्न रोजच्या व्यवहारात कसा उभा राहतो, हे पाहायचे असेल तर कोल्हापूर जिल्ह्यातील हुपरीसारखे गाव पाहावे. चांदीच्या पैंजणांसाठी आणि इतर दागिन्यांसाठी हे गाव प्रसिद्ध आहे. या धंद्याचा पाया वजनाचा आहे. व्यापारी चांदी तोलून देतो आणि कारागीर दागिने तोलून परत करतो. दिलेल्या आणि आलेल्या वजनांत जो फरक पडतो, त्याला घट म्हणतात. मजुरी, टंच आणि घट या तीन शब्दांवर दोघांचे नाते तोललेले असते.

ज्याने आटणी कधी पाहिलेली नाही, अशा हिशेबनिसाला घटीच्या आकड्यामागे लबाडी दिसू शकते. पण जो अर्धा दिवस भट्टीजवळ बसला आहे, त्याला घट कोठे जाते ते कळते. मुशीला थोडी चांदी चिकटते. कानशीने घासताना कीस उडतो. आम्लात उजळताना आणि पॉलिश करताना पृष्ठभागावरून काही अंश जातो. जोड झाळण्यासाठी लागणाऱ्या मिश्रधातूत तांबे आणि जस्त असते, म्हणून तयार दागिना पुन्हा आटवला की टंच उतरतो. सराफी कारखान्यातला केरसुद्धा फेकला जात नाही. तो धुऊन त्यातून धातू काढणाऱ्या झारेकऱ्यांचा एक स्वतंत्र व्यवसायच पूर्वापार चालत आला आहे. हे ठाऊक असलेला हिशेबनीस रास्त घट आणि अवास्तव घट यांत फरक करू शकतो. त्यामुळे प्रामाणिक कारागिरावर अकारण संशय येत नाही आणि अप्रामाणिक माणसाला आडोसाही मिळत नाही.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. 'कागद काळे करणारे' म्हणून कचेरीतल्या माणसाची थट्टा करणारे कारागीर कमी नाहीत. ज्याच्या हाताला दिवसभर चटके बसतात, त्याला पंख्याखाली बसून आकडे लिहिणे हे काम वाटत नाही. पण कारखान्याला आग लागली किंवा माल चोरीला गेला, तर विम्याचा दावा साठ्याच्या नोंदीवरच उभा राहतो. मजुरी किती दिली आणि किती राहिली, यावर वाद झाला तर आठवण कामाला येत नाही, लिहिलेले येते. कर्ज मागायला गेलेल्या कसबी माणसाचे कौशल्य बँकेला दिसत नाही. तिला दिसतात ती खात्यातील व्यवहारांची पाने. प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेत, जी १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झाली, सुतार, लोहार, कुंभार, सोनार, गवंडी, शिंपी अशा अठरा पारंपरिक व्यवसायांतील कारागिरांना ५ टक्के व्याजाने आणि तारणाशिवाय कर्जाची तरतूद आहे. पहिला टप्पा १ लाखापर्यंत, दुसरा २ लाखांपर्यंत. दुसरा टप्पा पहिल्याच्या नियमित परतफेडीवर अवलंबून असतो आणि नियमितपणाची साक्ष खातेपुस्तकच देते. शिक्षित घरातल्या एखाद्या तरुणाने आपल्या कारागिराला नोंदी ठेवायला शिकवले, तर त्या शिकवण्याचे मोल भेटवस्तूपेक्षा कितीतरी अधिक ठरेल.

कुंभोजचा मुलगा

हुपरी ज्या हातकणंगले तालुक्यात आहे, त्याच तालुक्यात कुंभोज आहे. जवळच बाहुबलीचा डोंगर आहे. या कुंभोजमध्ये २२ सप्टेंबर १८८७ रोजी एका जैन कुटुंबात भाऊराव पाटील यांचा जन्म झाला. ओगले काचकारखाना आणि किर्लोस्करांचा कारखाना यांच्या मालाचे विक्रेते म्हणून ते खेड्यापाड्यांत फिरले. एका बाजूला कारखान्यातले लोखंड आणि दुसऱ्या बाजूला शेतकऱ्याचे शेत, अशी दोन्ही जगे त्यांनी जवळून पाहिली. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ मध्ये सातारा येथे सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृह सुरू झाले आणि १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू महाराजांचे नाव देण्यात आले.

वसतिगृहात मुले शेतात राबत, स्वयंपाकाला हात लावत, झाडलोट करत आणि त्याच दिवशी अभ्यासाला बसत. 'कमवा आणि शिका' या नावाने ही रीत महाराष्ट्रभर ओळखली गेली. १९४७ साली साताऱ्यात सुरू झालेल्या छत्रपती शिवाजी महाविद्यालयाने ती उच्च शिक्षणापर्यंत नेली. या घडीचा संसारही सोपा नव्हता. वसतिगृहातली मुले उपाशी राहू नयेत म्हणून लक्ष्मीबाई पाटील यांनी अंगावरचे दागिने आणि अखेर मंगळसूत्रही मोडले.

भाऊरावांच्या रीतीतील मर्म व्यापारी घरांनी ध्यानात घ्यावे असे आहे. गरिबीमुळे मुलांना काम करावे लागले, हे त्यातले अर्धे सत्य झाले. उरलेले अर्धे असे, की ज्याने एकदा कुदळ धरली आहे, तो पुढे अधिकारी झाला तरी कुदळ धरणाऱ्याला 'अरे-तुरे' करताना त्याची जीभ अडखळते. आदर हा भाषणाने शिकवता येत नाही. तो हातांतून आत उतरतो.

पाठ आणि नोंद

पुस्तक आणि पाठ यांचा संबंध बाजारपेठेत आणखी एका ठिकाणी दिसतो. डोक्यावर ओझे वाहणारा तो माथाडी. मुंबईत अण्णासाहेब पाटील यांनी माथाडींना संघटित केले, पुण्यात डॉ. बाबा आढाव यांनी हमाल पंचायत उभी केली आणि १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठी कायदा झाला. या व्यवस्थेत व्यापारी मजुरी आणि तिच्यावरील लेव्ही मंडळाकडे भरतो. मंडळ कामगाराला वेतन देते आणि त्याच्या भविष्य निर्वाह निधीची व उपदानाची सोय पाहते. लेव्हीवरून व्यापारी आणि कामगार यांच्यात मतभेद झाले आहेत, पुढेही होतील. पण एक गोष्ट दोघांनाही मान्य व्हावी. ज्याच्याकडे कालपर्यंत पाठीशिवाय काही नव्हते, त्याच्या म्हातारपणाची सोय कचेरीतल्या एका नोंदीने केली. ती नोंद ज्या कारकुनाने चोख लिहिली, त्यानेही एक ओझे उचलले, असेच म्हटले पाहिजे.

देण्याची तारीख

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांत अतिभारारोपण म्हणजे शक्तीबाहेर ओझे लादणे आणि अन्नपाननिरोध म्हणजे खाणेपिणे रोखणे, हे दोन आहेत. ते केवळ बैलाघोड्यांसाठी आहेत असे मानण्याचे कारण नाही. 'एवढे एक पोते टाकून जा' असे संध्याकाळी थकलेल्या हमालाला सांगणे हे पहिल्याच्या जवळ जाते. कारागिराचे पैसे हाती असूनही 'पुढच्या आठवड्यात या' असे सांगणे दुसऱ्याच्या जवळ जाते, कारण त्या पैशांतूनच त्याच्या घरी दळण येणार असते. सत्याणुव्रताच्या अतिचारांत कूटलेखक्रिया म्हणजे खोटे लिहिणे येते, तर अचौर्याच्या अतिचारांत कमी-अधिक मापे ठेवणे आणि मालात भेसळ करणे. लेखणीला आणि हाताला, दोघांनाही एकाच आचारसंहितेत बांधले आहे.

राज्याचा कायदाही आता याच दिशेने बोलतो. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार सूक्ष्म वा लघु उद्योगाकडून घेतलेल्या मालाचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज लागते. २०२४-२५ या कर-आकारणी वर्षापासून आयकर कायद्यानेही अशा थकीत रकमेची वजावट प्रत्यक्ष पैसे दिल्याच्या वर्षीच मिळेल, असे ठरवले. त्या वर्षी मार्चअखेर अनेक पेढ्यांवर जुनी देणी चुकती करण्याची घाई झाली. कराच्या भीतीने का होईना, कारागिराच्या हाती पैसे वेळेवर पडले, हे चांगलेच झाले.

मात्र कायद्याचा हात नोंदणी झालेल्या उद्योगापर्यंतच पोहोचतो. घरात बसून कड्या जोडणारी स्त्री, रोजंदारीचा हमाल, दुकानाचे फडताळ बसवून गेलेला सुतार यांचे नाव त्या यादीत नसते. त्यांच्यासाठी कोणी निरीक्षक येत नाही आणि त्यांच्या थकबाकीवर चक्रवाढ व्याजही चढत नाही. त्यांची रक्कम बहुधा इतकी लहान असते, की देणाऱ्याला तिचा विसर पडतो आणि घेणाऱ्याला ती रोज आठवते. तेथे फक्त व्रत उरते आणि पेढीची खरी पत तेथेच कळते.

म्हणून येत्या दीपावलीला चोपडापूजनाआधी जुन्या वहीची शेवटची पाने एकदा उलगडून पाहावीत. हमाल, कारागीर, शिंपी, सुतार, ज्याचे जे बाकी असेल ते त्या दिवशी सूर्यास्तापूर्वी त्याच्या हाती द्यावे. शक्यतो घरातल्या शिकलेल्या मुलाने किंवा मुलीने स्वतः त्याच्या कामाच्या जागी जाऊन द्यावे आणि ते काम कसे होते, हे घटकाभर थांबून विचारावे. मग घरी येऊन नवी वही उघडावी आणि बाहुबलींचे बळ मागावे. त्या वेळी ते बळ कोणाचे आहे, हे लिहिणाऱ्याला ठाऊक असेल.